आहार-सर्वेक्षणात या चुका टाळा

‘आमटी: १ वाटी’. अशी नोंद दिसली की फॉर्म परत पाठवावा. कुणाची वाटी? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एकाच घराच्या मांडणीवर १०० मिलीची वाटी असते आणि २५० मिलीचीही. जेवताना वापरलेली तीच वाटी मागून घ्या, आमटी घेतात तिथवर पाणी भरायला सांगा आणि ते पाणी १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. दोन मिनिटांचं काम. नवखी मंडळी मात्र ‘मध्यम वाटी’ खरडून पुढच्या गल्लीत पळतात.

त्याहून महाग चूक म्हणजे शिजलेलं वजन कोरड्याच्या खात्यात घालणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते, ज्यांवरून आपण कॅलरी काढतो, प्रामुख्याने कच्च्या जिनसांचे आहेत. हिशेब बघा: १ किलो तांदळाचा भात २.८ किलो झाला, ताटात ३५० ग्रॅम आला, म्हणजे तांदूळ १२५ ग्रॅम. सुमारे ४४० कॅलरी. ३५० च तांदूळ म्हणून चढवले की त्याच ताटाच्या १२०० वर जातात! म्हणून सकाळी चूल पेटायच्या आधी पोचायचं, कोरडं तोलायचं, मग पातेलं रिकामं असताना आणि शिजल्यावर. पातेल्याचं वजन राहिलं तर सगळं गेलं. भाकरीला तर हे डोळ्यांनी दिसतं. मऊ भाकरी पाणी धरून पिठापेक्षा जड भरते, तीच वाळवून कडक केली की हलकी, पीठ तेवढंच. भाकरी नव्हे, उंडा करायच्या आधीचं पीठ तोला.

‘काय जेवलासा?’ असं विचारू नका. चहा, चिरमुरे, शेतात खाल्लेल्या शेंगा कुणाच्याच लेखी जेवण नाहीत. कानडी घरात ‘ऊट’ (जेवण) शब्दाची तीच गत. ‘उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?’ इथून सुरू करा.

तेल चमच्यांत विचारणं सोडा. स्वयंपाकाआधी आणि नंतर बरणी तोला. १ लिटर तेल म्हणजे १ किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम.

शाळकरी पोराचं दुपारचं आईला विचारून काय कळणार? ते ‘अक्षर दासोह’मध्ये, म्हणजे कर्नाटकच्या शाळांतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत, जेवतं. तिथल्या स्वयंपाकघरात जा.

एकाच दिवसावरून ‘रोजचा आहार’ काढू नका. निदान काही घरांत, लागून नसलेल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी परत जा. एक रविवार मटणाचा, एक सोमवार उपासाचा.

आणि काटा सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो. खाली पाट ठेवा.