बोट आत्ता, आवाज मागनं! शेवटी सुटलं एकदाचं

सांगलीत विश्रामबागला एक खोली, जुना लॅपटॉप आणि मिडी कीबोर्ड (पट्ट्या दाबल्या की लॅपटॉपमधनं वाद्य वाजतं तो), एवढाच आपला स्टुडिओ. गणपतीसाठी हलगीचा ट्रॅक करायला बसलो तर बोट आत्ता पडतंय आणि आवाज मागनं येतोय, ताल पार गंडला, दोन दिवस मी उगाच केबलला शिव्या घालत होतो. मग मिरजेच्या मित्रानं विचारलं, बफर किती ठेवलायस रे? बफर म्हणजे वाजवायच्या आधी लॅपटॉप आवाजाचे जेवढे तुकडे (सॅम्पल) साठवून घेतो तो आकडा. बघतो तर १०२४! ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर, २३ मिलिसेकंद तिथंच गेले की, वर विंडोजचा साधा ड्रायव्हर आणखी उशीर लावणार. एसिओ (ASIO) ड्रायव्हर टाकला, तो आवाज कमी उशिरानं पोचवतो, बफर १२८ केला, म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद. हलगी कशी कडकडीत वाजायला लागली! मिक्सिंगला मात्र परत १०२४ करतो, नायतर प्लगिन (आवाजावर इफेक्ट टाकणारे छोटे प्रोग्राम) वाढले की चरचर सुरू.