महिला शास्त्रज्ञांसाठी परिषद भरवताय? या चुका टाळा

११ फेब्रुवारीचा महिला विज्ञान दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आले की मुंबईत महिला शास्त्रज्ञांसाठी कार्यक्रमांची गर्दी होते. त्यात सत्कार होतात आणि ‘घर आणि करिअर’वर परिसंवाद होतो. संशोधिकेला मात्र हवा असतो सहकारी, उपकरणावर वेळ आणि निर्णय घेणाऱ्या समितीत जागा. परिसंवाद ठेवायचाच तर निधी, पेटंट किंवा प्रयोगशाळा चालवणं या विषयांवर ठेवा.

‘बायकांना बोलावलं होतं, पण कुणी आल्याच नाहीत,’ ही तक्रार नेहमीची. निमंत्रण तीन आठवडे आधी गेलं की असंच होतं, कारण परदेशातल्या पाहुण्याची तारीख सहा महिने आधी घेतलेली असते आणि उरलेल्या जागा घाईत भरल्या जातात. सगळी निमंत्रणं एकाच दिवशी पाठवा. एखादीचा नकार आला तर तिच्याकडूनच दोन नावं मागा. वाशीची इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन १९७३पासून काम करते, तिथेही विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सत्रं ठरवणाऱ्या समितीतच स्त्रिया घ्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निमंत्रकांत एक जरी स्त्री असली तरी त्या सत्रात स्त्री वक्त्यांचं प्रमाण जास्त दिसलं.

वेळापत्रकाची चूक मुंबईत फार महागात पडते. कुलाब्याला साडेआठचं सत्र म्हणजे कल्याण-विरारच्या संशोधिकेला पहाटेची लोकल. आणि ओळखीपाळखी रात्रीच्या जेवणावर सोडल्या, तर साडेसातला निघणारी प्रत्येक जण त्यातून सुटते. सत्रं १० ते ५ ठेवा. दुपारच्या जेवणाला ७५ मिनिटं द्या आणि गाठीभेटी तिथेच घडवा. जुलै-ऑगस्ट टाळा, भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की लोकल बंद पडते.

पाळणाघराची सोय ‘मागितली तर करू’ म्हणून ठेवली की कुणी मागत नाही. मागणारीला आपण अडचण झालोय असं वाटतं. नोंदणीच्या अर्जातच मुलाचं वय विचारा. तीन तान्ह्या बाळांमागे एक अनुभवी ताई हवी. दूध काढण्याच्या खोलीला आतून कडी, प्लगचा पॉइंट, बेसिन आणि छोटा फ्रिज लागतो. स्वच्छतागृहाशेजारची अडगळीची खोली चालत नाही. तसंच तरुण संशोधकांच्या पुरस्काराला वयाची अट न लावता पीएचडीनंतरची वर्षं मोजा, आणि बाळंतपणाची रजा त्यातून वजा करा.

व्याख्यानानंतर तेच चार ज्येष्ठ प्रश्न विचारतात? आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग पहिला प्रश्न विद्यार्थिनीकडून घ्या. हे सूत्रसंचालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोस्टरसमोर लोक ओळखीच्यांशीच बोलतात, म्हणून प्रत्येक ज्येष्ठाला चार पोस्टर नेमून द्या, प्रत्येक पोस्टरला दहा मिनिटं.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या तासात होते. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, फोटो टाकले, की नेटवर्क झालं असं समजतात. महिन्याभरात तिथे सुप्रभातचे संदेश उरतात, कारण सगळ्यांना मिळून करायचं काम कुणी ठरवलेलंच नसतं. समारोपाची भाषणं कापून तो तास चार-पाच जणींच्या गटांना द्या. प्रत्येक गटाने एका पानावर लिहावं: संशोधनाचा प्रश्न कोणता, कुणाकडे कोणतं उपकरण किंवा विदा (डेटा) आहे, पहिली बैठक कधी (तीन आठवड्यांच्या आत), आणि शोधनिबंधात नावांचा क्रम कसा ठरेल. हा शेवटचा मुद्दा राहिला की पुढे हमखास कटुता येते. गटाला २५,००० रुपयांचं बीजभांडवल दिलं तर नमुने पाठवणं, प्रवास, रसायनं एवढं भागतं. पैसे आगाऊ द्या. बिलं जोडून परत मिळवायला लावलं तर शिष्यवृत्तीवर जगणारी मुलगी पुढेच येत नाही.

सहा महिन्यांनी गटांचा आढावा घ्या आणि पुढची समिती त्यांतूनच निवडा. निमंत्रकपद पीएचडीला दहा वर्षंही न झालेल्या संशोधिकेकडे द्या, आणि त्यासोबत अंदाजपत्रकावर सही करण्याचा अधिकारही.