आफ्रिकन पतंगाची नवी प्रजाती लिहिताय? या चुका टाळा

लाइट ट्रॅपच्या (रात्री दिवा लावून पतंग बोलवायच्या) पडद्यावर ओळखू न येणारा पतंग बसला की "हा नवीनच आहे!" असं वाटतं आणि गडबड इथूनच सुरू होते. आपल्याला ओळखता आला नाही म्हणजे नवीन झाला असं नसतं, बहुतेक वेळा त्याचं नाव कुठल्यातरी जुन्या जाडजूड ग्रंथात कधीचं पडून असतं. फ्रान्सिस वॉकरने एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये बसून हजारो किड्यांना नावं दिली, काही पतंगांना तर परत परत. एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधले शाळामास्तर, त्यांनीही बारक्या पतंगांच्या हजारो प्रजाती लिहिल्या, पण जेनिटॅलिया (जननेंद्रियांची रचना) बघायच्या भानगडीत काही पडले नाहीत. त्यामुळे जुनं वर्णन वाचून "पंख तपकिरी, मध्ये ठिपका" एवढंच हाती लागतं, आणि तसे तर शेकडो आहेत. म्हणून आधी ॲफ्रोमॉथ्स हा आफ्रिकन पतंगांचा ऑनलाइन कॅटलॉग चाळा, जवळच्या सगळ्या नावांची यादी करा आणि मग लंडन, बेल्जियममधलं टर्व्यूरेन, प्रिटोरिया, नैरोबी, जिथे कुठे त्यांचे टाइप नमुने (ज्यांच्यावरून नाव दिलं ते मूळ नमुने) असतील तिथल्या संग्रहालयांना मेल टाकून फोटो मागवा. महिने जातात यात, जाऊ द्या.

आणि फक्त आफ्रिकेतच शोधू नका बरं का. आपल्या ज्वारी-मक्यावरचा खोडकिडा माहितीये ना, काइलो पार्टेलस? त्याला 1885 मध्ये नाव दिलं कर्नल स्विन्होने, मुंबई आणि दख्खनच्या पतंगांवर लिहिताना (हेच गृहस्थ बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, संस्थापकांपैकी एक). पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हाच किडा आफ्रिकेत, आजच्या मलावीत, सापडला. तिथे बसून फक्त आफ्रिकन कपाटं उघडणाऱ्याला तो नवाकोरा वाटला असता की नाही, सांगा.

आता जेनिटॅलिया. पंख सारखे आणि आतली रचना वेगळी, किंवा उलटं, असं पतंगांत सर्रास असतं, त्यामुळे पोट न उघडता लिहिलेलं वर्णन कोणी मनावर घेत नाही. पोट अलगद मोडून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) रात्रभर ठेवायचं, मग बारीक ब्रशने खवले आणि चरबी काढायची. घाई असेल तर गरम करतात, पण फोनवर बोलत बसलात तर नाजूक पडदे गेलेच समजा. चरबी राहिली असेल तर परत द्रावणात टाका, काही बिघडत नाही. सगळं काचेसारखं पारदर्शक होऊन काहीच दिसत नसेल तर क्लोराझोल ब्लॅक या रंगद्रव्याने रंगवा. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक मात्र पुढची आहे: घाईघाईत युपॅरलमध्ये (नमुना काचेवर कायमचा बसवायच्या चिकट पदार्थात) स्लाइड करून टाकतात. एकदा सपाट दाबलं की भाग फिरवून बघता येत नाही आणि जुन्या पेपरातलं चित्र बाजूने काढलेलं असेल तर तुलना संपली. आधी ग्लिसरीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, स्लाइड नंतर. स्लाइडचा नंबर पतंगाच्या पिनवरही लावा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणाचं पोट कोणाचं हेच कळत नाही!

रंगाचं एक सांगतो. जिओमेट्रिड कुळातले हिरवे पतंग ओलसर डब्यात मऊ करायला ठेवले की हिरवा रंग उडून पिवळट पडतात, आणि मग कोणीतरी मन लावून लिहितो "पंख गवती पिवळे". म्हणून त्याच रात्री जिवंतपणी फोटो घ्या. तेलकट होऊन काळपट पडलेल्या नमुन्यावरूनही रंग लिहू नका.

लेबल हा तर स्वतंत्र ताप आहे. जुन्या लेबलवर एलिझाबेथव्हिल असेल तर ते आजचं लुबुम्बाशी, न्यासालँड म्हणजे मलावी, सॅलिसबरी म्हणजे हरारे (इंग्लंडमध्येही एक सॅलिसबरी आहे, सांभाळून). नवीन लेबलवर वेगळीच चूक होते. आपल्याला भारतात अक्षांशाला मायनस लावायची सवयच नाही, आणि विषुववृत्ताच्या खाली मायनस विसरलात की लुसाकाचा पतंग नकाशावर थेट सुदानमध्ये जाऊन बसतो. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहा, म्हणजे 3/4 हा मार्च की एप्रिल हा वाद राहत नाही.

एकाच रात्री एकाच पडद्यावर आले म्हणून नर-मादीची जोडी लावू नका. डीएनए जुळत असेल तर लावा. पण डीएनएवरही डोळे झाकून विसंबू नका, सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात तो जीन) याच्या 658 अक्षरांत दोन टक्के फरक दिसला की लगेच "नवीन प्रजाती" असा काही नियम नाही. मादागास्करचा तो लांब सोंडेचा झॅन्थोपॅन बघा. डार्विनने 1862 मध्ये लांब नळीचं ऑर्किडचं फूल बघून असा पतंग असणार म्हणून सांगितलं, 1903 मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डनने त्याला उपप्रजाती म्हणून "प्रेडिक्टा" नाव दिलं, आणि स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला तो थेट 2021 मध्ये, तोही शरीररचना आणि डीएनए दोन्ही एकत्र बघून.

शेवटी नाव. पेपर यायच्या आधी नाव फेसबुकवर टाकू नका. 2000 पासून होलोटाइप (नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो एक नमुना) कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे स्पष्ट लिहिल्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत, आणि पेपर फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी छापायच्या आधी करून ती पेपरातच दाखवावी लागते. नंतर केली तर चालत नाही, भलेभले फसलेत यात. बाईच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी "आय" (i) नाही, "एई" (ae) लागतं. आणि प्रजाती नाही, अख्खी नवीन जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) करत असाल तर ते नाव भुंगे, मासे, गोगलगायी, कुठल्याच प्राण्याला आधी दिलेलं नाही ना, हे पेपर पाठवायच्या आदल्या रात्री परत एकदा तपासा.