जुन्या डेस्कटॉपला मोठं ग्राफिक्स कार्ड: आधी पॉवर सप्लाय बघा

डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवरमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचं असेल, तर आधी कडेचं झाकण काढून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. मूळ सप्लाय २९० वॉटचा. हे कार्ड एकटंच १७० वॉट खातं आणि एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या स्लॉटमध्ये बसतं त्यातून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सप्लायकडून कार्डाला येणाऱ्या ८ पिनच्या केबलमधून १५०. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरून ८ पिन काढून देणारं स्वस्त ॲडॉप्टर मात्र अजिबात लावू नका. साटाच्या पिना जेमतेम ५४ वॉटच्या, प्लास्टिक वितळतं.

नवा सप्लाय आणला तरी तो थेट बसत नाही. या मदरबोर्डला वीज देणारी जोडणी नेहमीची २४ पिनची नसून डेलची स्वतःची ८ पिनची आहे, म्हणून २४ ते ८ पिनचं कन्व्हर्टर सोबतच घ्या. कार्डाची लांबीही टेपने मोजा, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो.

कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा. ती मदरबोर्डला जोडायची चूक बरेच जण करतात! गेम सुरू होताच पीसी बंद पडला, तर संशय आधी सप्लायवर घ्या.