चार्टर विमान कंपनीचा इतिहास आणि ताफा कसा जुळवावा: स्पेनच्या ‘स्पान्टॅक्स’चे उदाहरण

चार्टर विमान कंपनीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पहिली अडचण अशी, की नियमित सेवेच्या कंपन्यांसारखी छापील वेळापत्रके तिच्या बाबतीत सहसा हाती लागत नाहीत. विमानातल्या जागा सहल कंपनी एकगठ्ठा घेई आणि हॉटेलसह एकाच दरात पर्यटकांना विकत असे. त्यामुळे विमाने कुठून कुठे उडत होती हे सहलींची माहितीपत्रके, विमानतळांवरची छायाचित्रे, सरकारी नोंदवह्या आणि अपघातांचे चौकशी अहवाल यांतून वेचावे लागते. म्हणूनच सुरुवात कंपनीपासून न करता एकेका विमानापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. गोव्यात दाबोळीला हिवाळ्यात येणाऱ्या युरोपीय चार्टर विमानांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

तरीही संदर्भापुरता कंपनीच्या इतिहासाचा सांगाडा आधी अर्ध्या पानात मांडून घ्यावा. स्पान्टॅक्सचा सांगाडा असा: 1959 मध्ये वैमानिक रोदोल्फो बाय आणि मार्ता एस्तादेस यांनी कंपनी स्थापन केली, स्पॅनिश सहारात तेलाचा शोध घेणाऱ्यांची ने-आण हे तिचे सुरुवातीचे काम होते, पुढे उत्तर युरोपातून स्पेनच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर येणाऱ्या पर्यटकांवर ती वाढली, पाल्मा दे मायोर्का हे तिचे मुख्य ठाणे झाले आणि मार्च 1988 मध्ये ती बंद पडली. एवढे पुरे, बाकीचे तपशील विमानेच सांगतात.

आता तक्ता आखावा आणि त्याचा पहिला रकाना निर्मिती क्रमांकाचा ठेवावा. नोंदणी क्रमांक मालक आणि देश यांबरोबर बदलतो: भारतीय विमानावर ‘व्हीटी’ असते तसे स्पॅनिश विमानावर ‘ईसी’ असते, आणि अमेरिकेतून आलेल्या विमानावरचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक स्पेनमध्ये नोंदणी होताच पुसला जातो. निर्मात्याने दिलेला क्रमांक मात्र भंगारात निघेपर्यंत कायम राहतो. तो न पाहता केलेल्या यादीत एकच विमान दोनदा मोजले जाते. दुसरा रकाना विमान विकत घेतले, भाड्याने घेतले की वैमानिक व कर्मचाऱ्यांसह ‘वेट लीज’वर आणले याचा असावा, आणि प्रत्येक नोंदीला आल्या-गेल्याची तारीख हवीच. ‘कंपनीकडे अमुक विमाने होती’ या वाक्याला, कोणत्या वर्षी हे सांगितल्याशिवाय, काहीच अर्थ नसतो.

स्पान्टॅक्सचा तक्ता भरताना क्रम सहज लागतो. आरंभी डीसी-3, डीसी-4, डीसी-6, डीसी-7 ही पिस्टन इंजिनांची विमाने होती. 1967 पासून कॉन्व्हेर 990 म्हणजे ‘कोरोनाडो’ आली आणि तीच कंपनीची ओळख ठरली. पुढे डीसी-8, डीसी-9 आणि डीसी-10, तर अखेरच्या काळात बोइंग 737 आणि एमडी-83 दिसतात. कोरोनाडोपाशी थोडे थांबावे. या जातीची एकूण 37 विमानेच बनली आणि त्यांचे निर्मिती क्रमांक ‘30-10’ने सुरू होतात, त्यामुळे नवशिक्याला सगळी यादी स्वतः पडताळून पाहता येते. जुन्या छायाचित्रातही हे विमान लगेच ओळखू येते: चार इंजिने आणि प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेवरून बाहेर डोकावणारे दोन लांबट, निमुळते फुगवटे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या कॉन्व्हेर 880 ला हे फुगवटे नसतात.

‘हेच विमान का?’ हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो, आणि खरा इतिहास तिथेच असतो. ठरलेला वेग आणि पल्ला कोरोनाडोला सुरुवातीला गाठता आला नाही, इंधनही ती भरपूर पीत असे, म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने ती लवकरच विकायला काढली आणि त्यांतली काही स्पान्टॅक्सने घेतली. पुढे 1975 मध्ये स्विसएअरने आपली कोरोनाडो विमाने सेवेतून काढली, तेव्हा त्यांतलीही काही स्पान्टॅक्सने घेतली. उन्हाळ्यात भरभरून उडणाऱ्या आणि हिवाळ्यात बरीचशी उभी राहणाऱ्या विमानाच्या बाबतीत खरेदीची किंमत कमी असणे हे इंधनाच्या बचतीपेक्षा महत्त्वाचे ठरते. 1973 च्या तेलसंकटानंतर मात्र हे गणित बिघडत गेले.

अपघातांची नोंद करताना वर्तमानपत्री मथळ्यांवर न विसंबता चौकशी अहवाल वाचावा, कारण मृतांच्या आकड्यावरून दोष कोणाचा हे ठरत नाही. 5 मार्च 1973 रोजी फ्रान्समध्ये नांतजवळ स्पान्टॅक्सची कोरोनाडो आणि इबेरिया या स्पॅनिश विमान कंपनीचे डीसी-9 हवेत एकमेकांवर आदळले. डीसी-9 मधील सर्व 68 जण दगावले, तर डाव्या पंखाचे टोक तुटलेली कोरोनाडो कोन्याकच्या लष्करी तळावर सुखरूप उतरली. त्या काळात फ्रान्सचे नागरी नियंत्रक संपावर होते आणि त्यांचे काम लष्करी नियंत्रक सांभाळत होते, ही गोष्ट नोंदीत नसेल तर नोंद अन्यायकारक होते. 13 सप्टेंबर 1982 रोजी मालागाला डीसी-10 चे उड्डाण पुढच्या चाकाच्या टायरच्या बिघाडाने बसलेल्या हादऱ्यांमुळे निर्णायक वेग (ज्यापुढे उड्डाण सहसा थांबवायचे नसते तो वेग) ओलांडल्यावर सोडून देण्यात आले, विमान धावपट्टीबाहेर गेले आणि 394 पैकी 50 जणांचा मृत्यू झाला. इथे वैमानिकाने काय केले यासोबत, त्या काळचे प्रशिक्षण इंजिन बंद पडण्यावर केंद्रित होते आणि टायरच्या बिघाडाला त्यात फारसे स्थान नव्हते, हेही लिहावे.

शेवटचा रकाना विमानाच्या अखेरीचा: भंगारात गेले, विकले, अपघातात नष्ट झाले की जतन झाले. ईसी-बीझेडओ ही स्पान्टॅक्सची कोरोनाडो पाल्मा येथे जतन केलेली आहे. स्वित्झर्लंडमधील लुत्सर्नच्या वाहतूक संग्रहालयातली कोरोनाडो मात्र स्विसएअरची आहे. ती स्पान्टॅक्ससाठी कधी उडाली नाही, तेव्हा तिचे छायाचित्र कितीही सुंदर मिळाले तरी या तक्त्यात तिला जागा देऊ नये.