डिसेंबरात गाव रिकामं असतं

एमबीबीएसला नंबर लागला की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर असतं. पीएसएम, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्र (गावाच्या, समाजाच्या आरोग्याचा अभ्यास), हा परीक्षेपुरता उरकायचा विषय. मीही तेच धरून चालले होते. मराठवाड्यात नवीन ॲडमिशन घेतलेल्यांना मात्र सांगते, पहिल्या वर्षी कॉलेजची बस तुम्हाला खेड्यात नेऊन सोडेल, तेव्हा झाडाखाली बसून रील बघू नका.

आता अभ्यासक्रमातच कुटुंब दत्तक योजना आहे. प्रत्येकाला निदान तीन कुटुंबं मिळतात आणि पुढची काही वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं असतं. माझी तिन्ही घरं बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची. त्याच गावात आम्ही पाच जणांनी बायकांच्या रक्तक्षयाचा छोटा अभ्यास घेतला. एथिक्स कमिटीची मंजुरी आली, हिमोग्लोबिनचं मशीन मिळालं आणि डिसेंबरात आम्ही गावात दाखल झालो.

माझ्या तीनपैकी दोन घरांना कुलूप. तिसऱ्या घरात आजी, दोन नातवंडं आणि एक म्हैस. "कारखान्याला गेलेत समदे. आता पाडव्यालाच," आजी म्हणाल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, गाव सोडतात. हे लहानपणापासून पाहिलेलं असूनही आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही गडबडीत घरी असलेल्या बायकांचं रक्त तपासून मोकळे झालो. आकडे बरे आले. गरोदर नसलेल्या बाईला हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तशा बायका आमच्या अंदाजापेक्षा कमी निघाल्या. खुशीत तक्ता घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "कुलूप किती घरांना होतं?"

ते आम्ही लिहिलंच नव्हतं. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बायका तक्त्याच्या बाहेर आणि गावात राहणाऱ्या आत. अशा तक्त्यावरून औषधांची मागणी ठरवली तर काय होईल, तुम्हीच बघा.

चैत्रात पुन्हा गेलो. या वेळी आधी आशाताईंना फोन केला. (पहिल्यांदाच करायला हवा होता. कोण घरी आहे, कोण माहेरी आहे, कुणाला कितवा महिना आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं.) तरी अडलंच. संमतीपत्रात आम्ही लिहिलं होतं, "सदर संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत आहे." अंगठ्याचं पॅड पुढे करताच एक बाई मागे सरकली. कागदावर अंगठा म्हणजे उचल, हे तिचं गणित. मग साध्या बोलीत मजकूर केला, कमिटीकडून पुन्हा मंजूर करून आणला. त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही संमतीपत्र आधी आईला किंवा आजीला वाचून दाखवा, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन महिन्यांच्या एसटीएस या विद्यार्थी-संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करणार असाल तर नक्कीच. तिथे तीन आठवडे वाया घालवायला वेळ नसतो.

सबमिशन, जर्नल, व्हायवा यांचं सिनियर सांगतीलच, मी त्यात शिरत नाही.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. त्यातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे त्याच पीएसएमचे, आणि ते मी ग्रामीण केंद्रावर दसऱ्याच्या आधी पडतील असे मागून घेतले. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० दिवस लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात. ती फडावर गेली की मधेच खंड पडतो. म्हणून जाणाऱ्या बायकांची यादी आशाताईंसोबत बसून केली, गोळ्या मोजून दिल्या आणि माता-बाल कार्ड पिशवीत ठेवायला सांगितलं. संडास काळं होतं, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. कित्येक गोळ्या त्या भीतीनेच उकिरड्यावर जातात.

पाचवा महिना लागलेल्या एकीने पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"चहासंगं घेतली तर चालंल का ताई? फडात चहावरच दिवस काढायलो आम्ही."

चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, असं सांगितलं. तिने जरा विचार केला.

"मग रातच्याला भाकरी झाल्यावर घेते. तवा चहा नसतोय."

कार्डावर मी तेच लिहिलं: रात्री, भाकरीनंतर.