नववी-दहावीच्या पोरांसोबत अपघाताचा खटला असा चालवा

"गाडी हळू चालवा रे" असं कितीही सांगा, पोरं मान डोलावतात आणि शाळा सुटली की ट्रिपल सीट निघतात. त्यापेक्षा वर्गात कोर्ट भरवा, दोन तास पुरतात.

केस बनवलेलीच घ्या पण रस्ता आपला पाहिजे. आमची अशी असते, सोळा वर्षांचा पोरगा, वडिलांची बाईक, मागे दोन मित्र, आणि लासलगाव मार्केटला निघालेली कांद्याची ट्रॉली रात्री कडेला उभी, मागे रिफ्लेक्टर नाही. मधला मित्र जागीच गेला. वर्गात कुणाच्या घरी खरंच असं झालंय का ते आधी विचारून घ्या, झालं असेल तर केसच बदला.

आता मेन गोष्ट. पिंजऱ्यात पोराला नाही, बापाला उभं करा. अठराच्या आतल्या पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, पण मोटार वाहन कायद्यात 2019 ला आलेलं कलम 199अ थेट पालकाला आणि गाडीमालकाला धरतं. 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे बापानेच सिद्ध करायचं असतं, म्हणून सगळी मजा उलटतपासात आहे, त्याला भरपूर वेळ द्या.

"चावी कुठे ठेवता?"
"देव्हाऱ्याशेजारी, खिळ्याला."
"पोराचा हात पुरतो?"
"पुरतो."
"सकाळी डेअरीवर दूध घालायला गाडीवर कोण जातं?"

इथे वर्ग एकदम गप्प होतो, कारण निम्मी पोरं रोज तेच करतात.

पंचनामा मैदानावर करा. ताशी 60 च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळपास 17 मीटर जाते, तेवढी फक्कीची रेघ मारा आणि पोरांना चालायला लावा. ट्रॉलीवाल्यालाही साक्षीला बोलवा, चूक त्याचीही आहेच. मेलेल्या पोराच्या आईचा रोल मात्र ठेवू नका, रडारड होते आणि पुरावा बाजूला राहतो.

तालुका विधी सेवा समितीकडे विचारलं तर कधीकधी वकील यायला तयार होतात. न्यायाधीश तीन पोरं-पोरी ठेवा, निकाल कारणांसकट लिहून घ्या. वाचून झाला की टाळ्या नकोत, ज्याने बापाचं काम केलं त्याला आधी बोलू द्या.